निकाल देण्याआधी ऐकून घे
मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीत नवा आहेस, म्हणून सांगतो: तक्रार आली की लगेच तोंड उघडू नकोस. बायबलमधलं याकोब 1:19, ‘ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश’, तुला पाठ असेलच, पण यहोशवाचा 22वा अध्यायही वाच. यार्देन नदीजवळ इस्राएलच्या अडीच वंशांनी (रऊबेन, गाद आणि अर्धा मनश्शे) वेदी बांधली हे कानावर येताच, हे देवाविरुद्ध बंड आहे असं समजून बाकीचे इस्राएली लढायला जमले. आधी मात्र याजक फिनहास आणि दहा सरदार विचारायला गेले. सुरुवात त्यांनीही आरोपानेच केली बरं का! तरी उत्तर पुरतं ऐकलं. वेदी यज्ञासाठी नव्हती, आपणही त्याच देवाचे आहोत याच्या साक्षीसाठी होती. लढाई टळली.

तूही घरी जाऊन भेट. समोरच्याला मध्येच तोडू नकोस. ‘तुमचं म्हणणं असंच ना?’ म्हणून खात्री कर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर उत्तर देऊच नकोस.