कुलूप फ्रिजमध्ये

"मॅडम, गावाला जायचं म्हटलं की मुलं उड्या मारतात आणि मला आठ दिवस आधीपासून झोप लागत नाही. बॅगा काढल्या की छातीत धडधडायला लागतं. हा काही आजार आहे का?"

एप्रिल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, आणि बहुतेक वेळा बायकाच विचारतात. मागच्या उन्हाळ्यात तो मेधाताईंनी विचारला (नाव आणि थोडे तपशील बदलले आहेत, त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे). वय ४१, नोकरी, घर ठाण्यात. घरात नवरा, १४ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. दर मे महिन्यात दहा दिवस कुडाळजवळ सासरच्या गावी जायचं. जाण्याच्या आदल्या रात्री त्या तीन-तीनदा उठून भरलेल्या बॅगा परत उघडून बघायच्या.

मी आधी वेगळ्याच गोष्टी विचारल्या. एरवी गॅस, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासता का? न तपासता राहिलं तर जीव कासावीस होतो का? वर्षभर तसं होत असतं, तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण तिथे नुसत्या युक्त्यांनी भागत नाही. पण तसं काही नव्हतं. धडधड फक्त प्रवासाची होती आणि सुरू झाली होती त्याच्या आदल्या वर्षी.

त्या वर्षी सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहिलं होतं. पनवेल गेल्यावर आठवलं. सकाळी कुडाळला उतरल्यावर डॉक्टरांकडून मोबाइलवर चिठ्ठी मागवली, औषध मिळालं, दोन तासांत प्रश्न सुटला. पण दुपारी पानावर बसल्यावर नवरा म्हणाला, "एवढं एक लक्षात राहू नये?" मेधाताईंना ते वाक्य स्वरासकट आठवत होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. निघेपर्यंत वापरात असलेल्या वस्तूच जास्त करून विसरतात: चार्जर, चष्मा, दात घासायचा ब्रश, फ्रिजमधलं औषध. त्या आदल्या रात्री बॅगेत जाऊच शकत नाहीत. म्हणून बॅग भरून झाली तरी डोक्यात ती भरलेली नसते. अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये यावर लिहिलं होतं. मेधाताई रात्री उठून बघत होत्या ते वेड नव्हतं. पाच माणसांच्या न संपलेल्या याद्या एकट्या डोक्यात होत्या. त्यांची कुडाळची गाडी, तुतारी एक्स्प्रेस, ठाण्याला मध्यरात्रीनंतर येते, तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते. तेव्हा नक्की कुठल्या रात्री घराबाहेर पडायचं, हेसुद्धा त्याच लक्षात ठेवायच्या.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. गृहस्थ मनापासून म्हणाले, "मी दरवेळी सांगतो हिला, सामान कमी घे." असं म्हणणारे नवरे मला खूप भेटतात, हेतू वाईट नसतो. पण या सल्ल्यानं बायकोचं काम वाढतं. काय वगळायचं ते तिनंच ठरवायचं आणि तेच नेमकं लागलं तर बोलणीही तिनंच खायची.

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, तुमच्या आईंना दहा दिवसांसाठी काय काय लागेल ते लिहा. त्यांनी लिहिलं, "कपडे, औषधं." पेन थांबलं. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळून विचारलं, "आईच्या गोळ्या किती आहेत गं?" मेधाताईंनी न थांबता सांगितलं: सकाळी दोन, रात्री एक, इन्सुलिन दोन वेळा, सुया वेगळ्या पाकिटात, साखर उतरली तर द्यायला ग्लुकोज. पानावर बोललेलं ते वाक्य नवऱ्याला आठवतच नव्हतं. आठवण करून दिल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला.

ते कंपनीत डिस्पॅचला होते. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आमच्याकडे माल भरणारा आणि तपासणारा एकच माणूस कधी नसतो." त्यावरून मार्ग निघाला. आईंची बॅग ते भरणार आणि यादीवर टिक करणार मुलगा. मुलांनी आपापली सॅक भरायची. मेधाताईंकडे त्यांची स्वतःची बॅग आणि डबे. त्यांनी एवढंच कबूल करायचं, की दुसऱ्याची बॅग उघडायची नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

नग ठरवले ते हात मोजून. कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. मेधाताईंचा एक हात सासूबाईंना धरायला, म्हणजे तिघांचे मिळून पाच हात उरले. त्यामुळे हातातले नग पाच, आणि मुलीची सॅक तिच्या पाठीवर. आदल्या वर्षी नऊ नग होते. येताना आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी असतेच, म्हणून त्या पाचांतली एक बॅग जाताना अर्धी रिकामी ठेवायची. गावच्या दुकानात मिळणारी वस्तू राहिली तर राहिली. चष्मे, औषधं, चिठ्ठ्यांचे फोटो, तिकिटं आणि ओळखपत्रं मात्र राहून चालणार नाहीत. ती एकाच लहान पिशवीत, आणि पिशवी अंगावर.

इन्सुलिनचं उत्तर मुलानं काढलं. दाराला लावायचं कुलूप आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये इन्सुलिनशेजारी ठेवायचं. कुलूप घेतल्याशिवाय घर बंदच करता येणार नाही. मी एकच भर घातली: थंड पिशवीत इन्सुलिन बर्फाला चिकटू देऊ नका, एकदा गोठलं की ते वापरायचं नाही.

खरा धक्का सासूबाईंनी दिला. मेधाताईंचा नवरा आईची बॅग भरायला बसला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मला खाली वाकता येत नाही एवढंच. बॅग टेबलावर ठेव, माझं मी भरते. आजवर मला कुणी विचारलंच नाही." गोळ्यांची नावं त्यांनी पाठ म्हणून दाखवली. सगळ्या घरानं आणि मीही त्यांना सांभाळून न्यायच्या माणसांत धरलं होतं.

जूनमध्ये मेधाताई एकदा येऊन गेल्या. आदल्या रात्री एकदा जाग आली, म्हणाल्या, पण उठले नाही. नवरा स्वतःचं दाढीचं सामान विसरला आणि गावच्या दुकानातून रेझर घेऊन आला. मुलीनं सॅकमध्ये अकरा हेअरक्लिपा, शिंपले गोळा करायला रिकामा डबा आणि एकच फ्रॉक भरला होता. दहा दिवस आजी रोज संध्याकाळी तो धुऊन विहिरीजवळच्या दोरीवर वाळत घालायची आणि तोवर नात काकाच्या शर्टात अंगणभर फिरायची.

"त्या सॅकमध्ये काय आहे ते तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"कुडाळला उतरून घरी पोचल्यावर," त्या म्हणाल्या.