रेंज नसलेल्या वर्गात व्हिडिओ

प्रश्न: वाडीवरच्या आमच्या शाळेत रेंज नाही. यूट्यूब ॲपमध्ये डाउनलोड केलेला धडा पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. टीव्हीवर कसा दाखवावा?

उत्तर: तो व्हिडिओ ॲपमध्येच बंदिस्त राहतो, सुटी फाइल मिळत नाही. केबलने टीव्हीला जोडायचा विचार असेल तर आधी फोनच्या सी-पोर्टमधून (चार्जिंगच्या यूएसबी-सी खाचेतून) चित्र बाहेर जाते का ते पाहा. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जात नाही आणि ॲडॉप्टरचे पैसे फुकट जातात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड रेंजमध्ये असताना दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन करून धडा उतरवून ठेवा; वर्गात नेटशिवाय चालतो. स्वतः बनवलेला व्हिडिओ मात्र पेन ड्राइव्हवर न्या: फाइल एमपी४ प्रकारची, आतले व्हिडिओ कोडिंग एच.२६४. एच.२६५ हे नंतरचे कोडिंग जुने टीव्ही उघडतच नाहीत. ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल बसणार नाही.