काळोखातली अ‍ॅलिस आणि एका आईची काळजी

मूल रात्र रात्र रक्तपाताचे, भेसूर गेम खेळतं, त्याच्या मनात काही बिघडलंय का? मी समुपदेशक आहे; गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जण हाच प्रश्न घेऊन येतात. गेम बघून याचं उत्तर देता येत नाही, मुलाकडे बघावं लागतं. नाशिकच्या एका मुलीचा अनुभव त्यासाठी सांगते. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई पहिल्यांदा एकटीच आली. तिने मोबाइलवर चोरून काढलेला व्हिडिओ दाखवला. निळा फ्रॉक, पांढरा एप्रन, एप्रनवर रक्ताचे डाग, हातात लांब सुरा. ती मुलगी बाहुल्यांच्या तुटक्या चेहऱ्यांवर वार करत पुढे जात होती. "मॅडम, ही अ‍ॅलिस आहे म्हणे," आई म्हणाली. "सशाच्या मागे बिळात पडते ती अ‍ॅलिस. हिचे बाबा हिला रोज रात्री ती गोष्ट वाचून दाखवायचे. त्या गोष्टीचं हे असं झालेलं हिला आवडतंच कसं?"

बाबा 'वाचायचे'. मी विचारलं. ते 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, आता दहावीत आहे. एवढं सांगून आई लगेच पुन्हा गेमवर आली. "त्या विषयातून ती केव्हाच बाहेर आली हो. घरात आम्ही तो काढतच नाही. नवीन फ्लॅट घेतला, फोटोसुद्धा कपाटात ठेवलेत. ही एकदासुद्धा रडली नाही. आता हे गेमचंच काय ते बघा."

मुलीला भेटण्याआधी मी त्या गेमची माहिती काढली. पालकांनाही मी हेच सांगते: मूल कशात रमलंय ते आधी समजून घ्या, बंदीचा विचार मग करा. लुईस कॅरलचं मूळ पुस्तक, 'अ‍ॅलिस इन वंडरलँड', 1865 चं. अमेरिकन मॅक्गी (हे त्याचं नावच आहे) या गेम डिझायनरने ती गोष्ट 2000 साली एका वेगळ्याच वाटेने पुढे नेली. त्याच्या गेममध्ये अ‍ॅलिसच्या घराला आग लागते, आईवडील आणि बहीण जळून मरतात, ती एकटी वाचते आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचते. तिच्या मनातलं वंडरलँडही मग सडत जातं. 2011 मध्ये 'अ‍ॅलिस: मॅडनेस रिटर्न्स' हा दुसरा भाग आला. तो शांघायच्या स्पायसी हॉर्स स्टुडिओने बनवला होता. आमची मुलगी खेळत होती तो हाच, चुलतभावाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. 1875 चं लंडन. तरुण अ‍ॅलिस आता अनाथ मुलांच्या एका आश्रमात राहते आणि तिथले डॉक्टर बंबी तिच्यावर उपचार करतात. उपचार म्हणजे संमोहन. ते मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: मागचं विसर.

मुलगी आली ती हाताची घडी घालून. आईने 'तुझ्या गेमबद्दल मॅडमशी बोल' असं सांगूनच पाठवलं होतं. मी तिला म्हटलं, मला त्यातली मांजर बघायची आहे, ती हाडकुळी, कानात रिंग घातलेली. ती चमकली. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हीपण मला विसरायला सांगणार?"

एखाद्या मुलाने समुपदेशकाला विचारलेला इतका नेमका प्रश्न मी क्वचित ऐकला आहे. ती ज्या गेममध्ये चार महिने राहत होती, त्यातला सगळ्यात घातक माणूस मनाचा डॉक्टरच आहे. शेवटाकडे कळतं की आग त्यानेच लावली होती, अ‍ॅलिसच्या बहिणीवर अत्याचार करून तो पुरावा मिटवत होता, आणि आश्रमातल्या मुलांना स्वतःची ओळख विसरायला लावून तो त्यांना विकत होता. मी तिला सांगितलं की विसरायला लावणं माझं काम नाही आणि तुला आठवायचं नसेल तर आठवायलाही लावणार नाही. पुढच्या वेळी लॅपटॉप आण, तू खेळ, मी शेजारी बसते.

ती खेळत असताना मी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे मारामारीत तिला फारसा रस नव्हता. शत्रू आले की ती त्यांना झटपट संपवायची, मिरपूड दळायच्या यंत्रासारखी एक बंदूक आहे त्यात, तिने. तिचा वेळ जायचा तो उड्यांमध्ये. या गेममध्ये अ‍ॅलिस बटण दाबून इवलीशी होऊ शकते, आणि लहान झालं की हवेतल्या अदृश्य पायऱ्या दिसतात. मोठं झालं की त्या विरून जातात. उडी मात्र मोठं होऊनच मारायची असते, कुठे काय होतं ते लक्षात ठेवून. तिला हे फार छान जमत होतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची होती. गेममध्ये ठिकठिकाणी आठवणींचे तुकडे दडवलेले आहेत. तुकडा सापडला की कुणाचा तरी आवाज येतो, आईचा, बहिणीचा, दाईचा, डॉक्टरचा, वडिलांचा. तोवरच्या टप्प्यांतले सगळे तिने जमवले होते. तरीही ती जुन्या टप्प्यांवर परत जात होती आणि वडिलांच्या आवाजाचे तुकडे पुन्हा ऐकत होती. रात्री एक-दोन वाजेपर्यंत चालायचं ते हे. आईला खोलीबाहेर नुसता खणखणाट ऐकू यायचा.

मी विचारलं, "बाबांचा आवाज तुझ्याकडे आहे कुठे?"

"आईकडे आहे. जुन्या फोनमध्ये. व्हॉइस नोट आहेत. पण आईला विचारलं तर ती रडेल."

त्यानंतरच्या भेटींमध्ये हळूहळू बाकीचं आलं. 2021 च्या एप्रिलमध्ये, सगळं बंद असताना, ती आईचा डोळा चुकवून खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. दोन-तीन दिवसांनी तिला ताप आला. मग आईला, मग बाबांना. बाबांना बेड मिळायला दीड दिवस गेला. ते घरी परत आलेच नाहीत. अंत्यविधीही पालिकेच्या माणसांनी केला. त्या वाढदिवसाबद्दल तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. चार वर्षं ती असं धरून चालली होती की बाबांना तिने मारलं.

इथे गेम कुठे बसतो ते बघा. त्यातली अ‍ॅलिससुद्धा, आपण वाचलो हाच आपला गुन्हा, असं मानत असते. सगळे तिला सांगतात की जुनं उकरू नकोस. ती मात्र आठवणींचा पाठलाग सोडत नाही. या मुलीला दोन्ही घरांत, खऱ्या आणि मनातल्या, हीच गोष्ट घडताना दिसत होती. फरक एवढाच की गेममधली मुलगी ऐकत नव्हती. तिला रक्ताची ओढ आहे असं तिच्या आईला वाटत होतं. मला तिथे एक मूल दिसलं, ज्याला शोक करायला घरात जागा मिळाली नव्हती आणि ज्याने ती दुसरीकडे शोधली होती.

एक काम मात्र मी टाळू शकत नव्हते. बाहुल्यांचा तो सगळा भाग लहान मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल आहे. एखादं मूल त्याच दृश्यांपाशी घुटमळत असेल तर ते मूल दुसरं काही सांगू पाहत असण्याची शक्यता असते. म्हणून मी तिला एकटीला, सरळ शब्दांत विचारलं की तुझ्याशी कुणी असं काही वागलंय का. असं काही असेल तर पॉक्सो कायद्याखाली मला ते कळवावं लागेल, हेही आधीच सांगितलं. तिने नाही म्हटलं, आणि ते मला खरं वाटलं. पण विचारणं आवश्यक होतं. आईवडिलांनीही विचारावं, न घाबरता.

'तुझी काही चूक नव्हती' हे वाक्य मी तिला लगेच दिलं नाही. मुलं ते वाक्य नम्रपणे ऐकून घेतात आणि आत काहीच हलत नाही. आम्ही एका कागदावर त्या पंधरा दिवसांची तारीखवार नोंद करायला घेतली. तिला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या, कारण ती अकरा वर्षांची होती आणि तिच्यासमोर कुणी बोलत नव्हतं. कागद अर्धा राहिला. बाकीचं आईलाच माहीत होतं. मुलीची तयारी झाल्यावर आम्ही आईला बोलावलं.

मुलीने वाढदिवसाचं सांगितलं. आई बराच वेळ काही बोललीच नाही, आणि मग म्हणाली, "अगं, मला वाटत होतं माझ्यामुळे झालं. मी रोज बँकेत जात होते. समोर किती माणसं यायची." बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते, त्या काळात ते एक दिवसही घरी बसले नव्हते. तिघंही बाहेर जात होते. घरात कोरोना कुणामुळे आला हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि पुढेही कळणार नाही. दोघींनी एकमेकींना सांभाळण्यासाठी एकच ओझं वेगवेगळं वाहिलं होतं.

त्याच दिवशी कळलं की आई अजूनही दर महिन्याला बाबांच्या नंबरचा रिचार्ज करते.

या ठिकाणी तो गेम तिला पुरा पडत नव्हता, हे मला तिच्याशी बोलावंसं वाटलं. शेवटी अ‍ॅलिसला गुन्हेगार सापडतो आणि मूरगेट स्टेशनवर ती त्याला धावत्या गाडीसमोर ढकलते. गेममध्ये आगीला एक चेहरा आहे. आमच्या मुलीच्या दुःखाला चेहरा नव्हता, म्हणून तिने स्वतःचा चेहरा त्याला लावला होता. मी तिला विचारलं, समजा बंबी नसताच, दिवा नुसताच कलंडला असता, तर अ‍ॅलिसने काय केलं असतं? ती म्हणाली, "मग गेम संपलाच नसता." पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही याच वाक्यावर काम केलं. दोषी कुणी नसतानाही दुःख पूर्ण करता येतं का, हा प्रश्न मोठ्यांनाही सोपा नाही.

आता आईच्या मूळ काळजीकडे. असे गेम खेळून मूल हिंसक होतं का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की हिंसक गेमचा आक्रमक वागण्याशी, म्हणजे ओरडणं, ढकलणं अशा गोष्टींशी, थोडा संबंध दिसतो; पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. आईने 'गेमिंग डिसऑर्डर' हा शब्दही ऐकला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत तो विकार आहे, पण त्याची अट गेम किती भयानक आहे ही नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि साधारण वर्षभर हे चालू राहणं, याकडे बघतात. गोंडस रंगीत गेममध्येही हे होऊ शकतं. गोळ्या फोडायचा साधा मोबाइल गेम खेळणारा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता, त्याचं वर्ष गेलं होतं. ती खरी गंभीर केस होती आणि तिच्यात रक्ताचा थेंबही नव्हता.

मग मूल काळोखं काही खेळत असेल तर मी कशाने सावध होते? झोप उडणं, जेवण सुटणं, मित्रमैत्रिणी तुटणं, कुणाला किंवा प्राण्यांना त्रास देऊन मजा वाटणं, आणि सगळ्यात आधी, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलणं किंवा लिहिणं. हे शेवटचं दिसलं तर वाट बघू नये. टेलि-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. आमच्या मुलीची झोप बिघडली होती आणि तिने बॅडमिंटन सोडलं होतं. स्वतःला संपवण्याचे विचार नव्हते, तेही मी सरळ विचारलं होतं.

वयाचा मुद्दा उरतोच. युरोपात हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, अमेरिकेत सतरा. ते वर्गीकरण मला योग्य वाटतं. बारा-तेराच्या मुलाच्या हाती मी तो देणार नाही, आणि त्या चुलतभावाशीही बोलायला आईला सांगितलं. पण मुलगी खेळून बसली होती. मधूनच लॅपटॉप काढून घेतला असता तर गोष्ट डॉक्टरच्या खोटेपणापाशी अडकून राहिली असती. म्हणून ठरवलं की उरलेला भाग ती हॉलमध्ये खेळेल, रात्री दहानंतर नाही, आणि आई शेजारी बसेल. आईला पहिले दोन दिवस नीट बघवेना. तिसऱ्या दिवशी तीच विचारू लागली, हा कोण, ही कुठे चालली.

बाबांच्या जुन्या फोनमधल्या व्हॉइस नोट त्यांनी काढून दोघींच्या फोनवर घेतल्या. बहुतेक अगदी साध्या आहेत: दूध आणू का, क्लासहून निघालीस का. एकीत ते अ‍ॅलिसमधलं चहापार्टीचं पान वाचताहेत, मधेच हसताहेत. मुलगी अजून महिन्यातून एकदा येते. बॅडमिंटन पुन्हा सुरू झालंय, झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, आणि मे महिना जवळ आला की ती गप्प होते. गेल्या भेटीत आईने विचारलं की आता हिला 2000 सालचा पहिला भाग खेळायचाय, तर काय करू. दहावीची परीक्षा होऊ द्या, असं मी म्हटलं, आणि मग तुम्ही दोघी मिळून ठरवा.