वापसा नसेल तर बियाणे उगवणार कसे?

प्रश्न : गेल्या खरिपात घरचेच सोयाबीन पेरले. दुसऱ्याच रात्री जोराचा पाऊस झाला आणि रानात दोन दिवस पाणी साचून राहिले. निम्मे बियाणे उगवले नाही. उकरून पाहिले, तेव्हा काही दाणे फुगून मऊ पडले होते, तर काहींचे कोंब वरच्या कडक पापडीखाली अडकले होते. ओल भरपूर असताना असे का झाले? दोष बियाण्याचा होता का?
– एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : आपण उकरून पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण त्या दोन प्रकारच्या दाण्यांतच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. उगवणीला ओल, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यांपैकी ऊब खरिपात असतेच. मोड येण्यापूर्वी सोयाबीनचा दाणा स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषतो आणि गर्भ जागा होताच त्याचा श्वासोच्छ्वास झपाट्याने वाढतो. नेमक्या त्याच वेळी मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, तर प्राणवायूअभावी गर्भ गुदमरतो आणि दाणा कुजतो. आपण ज्याला वापसा म्हणतो, ती ओल आणि हवा दोन्ही जपणारी मातीची अवस्थाच बियाण्याला हवी असते. भारी जमिनीत रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंचवट्यावर पेरून त्याच्या दोन्ही बाजूंना सऱ्या ठेवल्यास, जादा पाणी सरीतून निघून जाते.

अडकलेल्या कोंबांचे कारण वेगळे. हरभऱ्याची दले, म्हणजे दाण्याच्या दोन फाका, मातीतच राहतात; सोयाबीनचा कोंब मात्र आकड्यासारखा वाकून दोन्ही दले स्वतःबरोबर वर ओढून काढतो, त्यामुळे पावसानंतर ऊन पडून पापडी धरली की त्याची ताकद अपुरी पडते. म्हणून बी 3 ते 5 सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये.

बियाण्यातही दोष असू शकतो. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि गर्भ त्याला अगदी लागून असतो. मळणी यंत्राचा वेग जास्त असला किंवा पोती आदळली, तरी त्याला इजा होते, आणि ती वरून दिसतेच असे नाही. म्हणून यंदा पेरणीपूर्वी न निवडता घेतलेले 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून, गुंडाळून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सातव्या दिवशी केवळ मूळ व कोंब दोन्ही धड असलेले दाणे मोजा. ते 70 किंवा अधिक भरले, तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. थोडे कमी भरले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा.