बॉस्टनला येताय, तर डॉर्चेस्टरचं हे दारही माहीत असू द्या

तुम्ही विचारलंत: जूनमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर बॉस्टनला येतोय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी, बंदुकांच्या बातम्या ऐकून आई रोज अडवते, आणि समजा काही घडलंच, तर परक्या मुलुखात घरच्यांना आधार कुणाचा? घरभाडं, शाळा यांबद्दल सांगणारे खूप भेटतील. मी फक्त या शेवटच्या प्रश्नाबद्दल, आणि खून झालेल्या घरांना आधार देणाऱ्या बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या एका संस्थेबद्दल लिहिते.

आईंना सांगा, बंदुकीने सर्वांत कमी माणसं मरतात अशा राज्यांत मॅसॅच्युसेट्स मोडतं. २०२१ साली देशभरात ४८,८३० माणसं बंदुकीने गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बातम्यांत दिसणारे शाळा-मॉलमधले गोळीबार त्या मानाने थोडे. खुनांचं दुःख मात्र ठरावीक वस्त्यांच्या वाट्याला पुन्हापुन्हा येतं. आपल्या लोकांना त्या वस्त्यांची नावं ‘तिकडे घर घेऊ नका’ एवढ्यापुरतीच माहीत असतात. मलाही पहिली पाच वर्षं तेवढंच माहीत होतं, आणि त्याची मला खंत आहे.

डॉर्चेस्टर ही त्यांतलीच एक. डिसेंबर १९९३ मध्ये लुइस ब्राउन हा पंधरा वर्षांचा मुलगा नाताळच्या कार्यक्रमाला निघाला होता. कार्यक्रम होता टोळ्यांच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या मुलांचा. वाटेत दुसऱ्यांच्या गोळीबारात सापडून तो गेला. त्याच्या आईने, क्लेमेंटिना चेरी यांनी, १९९४ मध्ये लुइस डी. ब्राउन पीस इन्स्टिट्यूट सुरू केली. देह ताब्यात कधी मिळणार, अंत्यविधीचे पैसे कुठून आणायचे, पोलिसांशी कोण बोलणार, धाकट्या भावंडाला काय सांगायचं. खून झालेल्या घरात पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सगळं एकदम अंगावर येतं. संस्थेची माणसं शेजारी बसून एकेक काम मार्गी लावतात. त्यांतली कित्येक स्वतः याच दुःखातून गेलेली आहेत.

ज्याच्या हातून खून झाला, त्याच्या घरच्यांनाही हेच दार उघडं असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे पटलं नव्हतं. आता पटतं. त्या आईचाही मुलगा गेलेलाच असतो, आणि तिच्याकडे भेटायला कुणी जात नाही.

पैशांचं म्हणाल, तर गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला अंत्यविधी, समुपदेशन, बुडालेली कमाई यांसाठी राज्याकडून ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळते. इथे ते काम अ‍ॅटर्नी जनरलचं कार्यालय बघतं. नागरिकत्वाची अट नाही. अर्जाला मुदत असते, म्हणून बिलं आणि पावत्या पहिल्या दिवसापासून जपायच्या. गोळी लागून वाचलेल्यांसाठी बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये वेगळा कार्यक्रम आहे. घरी सोडल्यानंतरही त्यांची माणसं पाठीशी राहतात.

आता खास आपल्यासाठीची गोष्ट, आणि ही वहिनींनाही वाचायला द्या. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलाथे इथे श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याला वंशद्वेषातून गोळ्या घातल्या. पत्नी सुनयना दुमाला यांचं इथलं राहणं पतीच्या व्हिसावर होतं, तेही त्याच्यासोबत संपलं. तिथले खासदार केविन योडर मदतीला आले, तेव्हा कुठे त्यांना इथे राहून काम करता आलं. पुढे त्यांनी स्थलांतरितांसाठी ‘फॉरएव्हर वेलकम’ हा उपक्रम सुरू केला. एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा एच-फोर व्हिसा असा दुसऱ्याच्या श्वासावर चालतो. खुनात बळी पडलेल्याच्या जोडीदाराला गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी असलेला ‘यू’ व्हिसा मागता येतो, पण पोलीस तपासाला मदत केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाला १०,०००च मिळतात. रांग काही वर्षांची असते. म्हणून बँकेचं खातं दोघांच्या नावाने उघडा, विम्यावर वारस लावा, इमिग्रेशन वकिलाचा नंबर वहिनींच्या फोनमध्येही असू द्या. देह भारतात न्यायचा झाला आणि खर्च झेपत नसेल, तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, तो मागायला संकोच करू नका.

महाराष्ट्र मंडळाचे सभासद जरूर व्हा. अडीअडचणीला डबे येतात, मुलं सांभाळली जातात. पण खुनानंतरच्या कागदपत्रांचं आणि त्या शांततेचं काय करायचं, हे डॉर्चेस्टरच्या आयांना जास्त कळतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मदर्स डेला, याच संस्थेची शांतता पदयात्रा असते. १९९६ पासूनची. गेलेल्या मुलांचे फोटो छातीवर लावून आया चालतात. मी दरवर्षी जाते. पुढच्या वर्षी तिघंही या. सकाळी गार असतं, मुलीला स्वेटर घाला.