हाड मोडण्याआधीच शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रश्न : माझ्या आईला काही वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. हल्ली तिची उजवी जांघ दुखू लागली म्हणून तपासणी केली, तेव्हा खुब्याच्या किंचित खाली, ट्रोकॅन्टरजवळ (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या उंचवट्याजवळ), मांडीचे हाड आतून पोखरले गेल्याचे दिसले. पडून राहिल्यावर तिला बरे वाटते. पण उजव्या पायावर भार दिला की कळ येते. हाड मोडलेले नसताना डॉक्टर रॉड घालायला सांगत आहेत. नुसत्या रेडिएशनने भागणार नाही का?

उत्तर : भार दिल्यावर येणारी कळ हा आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. विश्रांतीच्या वेळी शांत असणारे आणि पाऊल टाकताच उठणारे दुखणे म्हणजे ते हाड आता शरीराचे वजन पेलण्यास अपुरे पडू लागल्याची खूण असते. मांडीच्या हाडाच्या याच भागावर चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, त्यामुळे येथील पोखरलेले हाड अंथरुणात कूस बदलताना किंवा खुर्चीतून उठतानाही मोडू शकते.

असा धोका मोजण्यासाठी मिरेल्स यांनी १९८९ साली मांडलेली गुणपद्धती आजही वापरली जाते. तीत जागा, दुखणे, गाठीचा प्रकार आणि हाडाच्या जाडीच्या तुलनेत गाठीचा आकार या चार बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात व बेरीज ९ किंवा त्याहून अधिक झाल्यास हाड मोडण्याआधीच आधार देण्याचा सल्ला दिला जातो. आपल्या आईच्या बाबतीत जागेचे ३, भार देताना होणाऱ्या दुखण्याचे ३ आणि हाड पोखरणाऱ्या गाठीचे ३ धरले, तर आकार कितीही लहान असला तरी बेरीज १० च्या खाली येत नाही. ही पद्धत सावधगिरीकडे झुकलेली आहे, म्हणजे जे हाड कदाचित मोडले नसते त्यालाही ती शस्त्रक्रिया सुचवते, हे खरे. तरीही आपण दिलेल्या वर्णनावरून डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

रेडिएशनने दुखणे कमी होते, पण पोखरलेल्या जागी नवे हाड भरण्यास कित्येक आठवडे किंवा महिने लागतात आणि तोवर धोका टळत नाही. रॉड घातल्यावर मात्र बहुतेक रुग्णांना एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे करता येते. मोडलेल्या हाडावर घाईने कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा ही आधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया सोपी असते, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. रेडिएशन लागणारच आहे, फक्त ते जखम भरल्यानंतर, साधारण दोन आठवड्यांनी सुरू होते. हाड बळकट करणारी झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब यांसारखी औषधेही दिली जातात. ती सुरू करण्यापूर्वी दात अवश्य तपासून घ्यावेत, कारण या औषधांवर असताना दात काढावा लागल्यास क्वचित जबड्याचे हाड निकामी होऊ शकते.

एक गोष्ट मात्र शस्त्रक्रियेआधी आग्रहाने विचारा. संपूर्ण शरीराच्या तपासणीत हाडातील ही एकच गाठ आढळली असेल आणि कर्करोग पसरल्याचे पूर्वी कधी सिद्ध झाले नसेल, तर आधी बायोप्सी झालीच पाहिजे. जुना कर्करोग ठाऊक आहे म्हणून ही गाठ त्याचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. ती हाडातच उगम पावलेली सार्कोमाची, म्हणजे हाडाच्या स्वतःच्या कर्करोगाची, गाठ निघाली, तर हाडाच्या आतील मज्जापोकळीतून घातलेला रॉड तिच्या पेशी हाडाच्या संपूर्ण लांबीत पसरवतो आणि वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. या थोड्या दिवसांच्या थांबण्यात आईने पायावर भार देणे टाळावे.

प्रश्न : मूत्रपिंडाच्या कर्करोगामुळे वडिलांच्या मांडीच्या हाडाची मान (खुब्याच्या गोळ्याखालचा निमुळता भाग) मोडली आहे. स्क्रू न घालता खुब्याचा गोळाच बदलायचे ठरले असून आदल्या दिवशी रक्तवाहिन्या बंद करण्याची प्रक्रिया होणार आहे. हे दोन्ही का?

उत्तर : कर्करोगाने पोखरलेल्या जागी, विशेषतः मानेपाशी, हाड जुळून येण्याची शक्यता फार कमी असते. न जुळणाऱ्या हाडात स्क्रू कालांतराने सैल होतात किंवा तुटतात, आणि दुसरी शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद रुग्णात उरलेली नसते. सिमेंटने बसवलेला कृत्रिम गोळा हाड जुळण्यावर अवलंबून राहत नाही. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या गाठींना रक्तपुरवठा अतिशय मोठा असल्याने त्यांना हात लावताच भरमसाट रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधी बुजवतात. गाठीला नव्या वाहिन्या मिळण्यापूर्वी, म्हणजे शक्यतो एक-दोन दिवसांतच, शस्त्रक्रिया उरकायची असते, तेव्हा ठरलेली तारीख पुढे ढकलू नका.