संकेतस्थळावर लाल पाटी

प्रश्न : पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. परदेशातील मागणी बहुतांशी संकेतस्थळावरूनच येते. आठवडाभर ग्राहकांना क्रोममध्ये तेथे धोक्याची लाल सूचना दिसते. आमच्या संगणकावर मात्र सर्व सुरळीत उघडते. ही गूगलची चूक असेल का?
– एक वाचक, पेण

उत्तर : अशी चूक पूर्वी झालेली आहे. ३१ जानेवारी २००९ रोजी गूगलच्या घातक पत्त्यांच्या यादीत नजरचुकीने नुसती तिरकी रेघ (/) नोंदली गेली, आणि ती प्रत्येकच पत्त्यात असल्यामुळे सुमारे ४० मिनिटे शोधयादीतील जवळजवळ सगळी संकेतस्थळे धोकादायक ठरली. परंतु तेव्हा शिक्का सरसकट बसला होता. तो एकट्या तुमच्यावर बसला असेल, तर बिघाड आपल्याच घरात आहे असे धरून चालावे.

तुम्हाला पान नीट दिसते, यावर विसंबू नका. घुसखोर अनेकदा असा कोड पेरतात की स्वतः पत्ता टाइप करून येणाऱ्या मालकाला मूळ पान दिसते आणि गूगलवर शोधून किंवा मोबाइलवरून येणारा ग्राहक भलतीकडेच ढकलला जातो. म्हणून सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत संकेतस्थळाची नोंदणी करून तेथील सुरक्षाविषयक अहवाल पाहावा. बाधित पानांचे नमुने त्यात मिळतात. (सूचनेचा निरोपही तेथेच येतो; नोंदणी नसलेल्या मालकाला बातमी ग्राहकाकडून कळते, ही तक्रार मला रास्त वाटते.)

संकेतस्थळ वर्डप्रेसवर (संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर) असेल, तर मूर्तींची छायाचित्रे ज्या अपलोड्स फोल्डरमध्ये आहेत तो उघडून पाहा. तेथे एखादी पीएचपी फाइल (म्हणजे छायाचित्र नव्हे, तर सर्व्हरवर चालणारा कोड) आढळली, तर बहुधा चोर सापडला. प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव आहे का, आणि विकतची थीम (पानांच्या मांडणीचा तयार साचा) कोणी फुकट मिळवून बसवली आहे का, हेही तपासावे. केवळ सापडलेली फाइल पुसून भागत नाही. होस्टिंग (संकेतस्थळाची सर्व्हरवरील जागा), डेटाबेस व एफटीपी (फाइली चढवण्याची सोय) यांचे पासवर्ड बदलले नाहीत, तर तोच पाहुणा पुन्हा येतो.

सफाई पुरी झाल्यावरच सर्च कन्सोलमधून फेरतपासणीचा अर्ज करावा. घातक कोडच्या बाबतीत निर्णयाला काही दिवस लागतात, आणि अर्धवट सफाईवर केलेला अर्ज फेटाळला गेला की ते दिवस वाया जातात. दुसऱ्या ब्राउझरमधून पान उघडा असे ग्राहकांना सुचवू नका. फायरफॉक्स आणि सफारीही गूगलच्याच यादीचा आधार घेतात, शिवाय ग्राहकांचा संगणक खरोखरच धोक्यात येईल. तोवर मागणी दूरध्वनीवर किंवा व्हॉट्सॲपवर नोंदवून घ्यावी.